वाचकांचे प्रश्न : डिस्क कधी घ्यावी, कधी थांबावं

सिनेमाच्या डिस्कविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरं देत आहोत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नवख्यांसाठी एवढंच : डीव्हीडीहून ब्लू-रेचं चित्र स्पष्ट, आणि फोर-केचं त्याहूनही.

म्हापशाहून एक वाचक विचारतात : नवा सिनेमा फोर-के डिस्कवर आला की किंमत पाहूनच छाती दडपते. भाऊ म्हणतो, थांब, वर्षभरात अर्ध्यावर येईल. मागे एकदा असाच थांबलो, तर ती डिस्क मिळेनाशीच झाली. मग नेमकं करायचं काय?

तुमचा भाऊ चुकत नाही आणि तुमचा अनुभवही खोटा नाही. फळीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन डिस्का दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांच्या किमतीची चाल एकसारखी नसते.

मोठ्या स्टुडिओची डिस्क मानकुरादसारखी. मार्चमध्ये पहिली पाटी बाजारात आली की डझनाचा भाव ऐकून माणूस मुकाट्याने पुढे सरकतो. मेअखेर पाऊस तोंडावर आला की तोच आंबा विकणारी बाई हाक मारून देते. अमेरिकेत नवी डिस्क मंगळवारी येते, ब्रिटनमध्ये सोमवारी. त्या आठवड्यात फोर-के डिस्क साधारण २५ ते ३५ डॉलरला असते. पहिली कपात दोन-तीन महिन्यांत होते, सहा ते नऊ महिन्यांत ती १५-२० डॉलरच्या घरात येते आणि नोव्हेंबरअखेरच्या ब्लॅक फ्रायडे सेलमध्ये पुष्कळदा १०-१२ पर्यंत उतरते. साधी ब्लू-रे याहून लवकर उतरते आणि जास्त उतरते. म्हणून वर्षाच्या पूर्वार्धात आलेली डिस्क त्याच नोव्हेंबरात घ्यायची. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आलेली मात्र त्या नोव्हेंबरात फारशी हलत नाही. तिच्यासाठी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दम धरावा लागतो.

उतरण्याचं कारण साधं आहे. पदरचे पैसे घालून पहिल्या दिवशी घेणारे चाहते महिन्याभरात संपतात, आणि फळीवरची जागा पुढच्या सिनेमाला हवी असते. सिनेमाचा पुढचा भाग थिएटरात येणार असेल, तर त्याच्या आधीच्या काही आठवड्यांत आधीच्या भागांच्या किमती मुद्दाम खाली आणतात. हा मुहूर्त ब्लॅक फ्रायडेइतकाच चांगला, आणि गर्दी कमी. एकदा का डिस्क दहा डॉलरच्या आसपास पोचली की आणखी दोन डॉलरसाठी अडून बसू नका. तिथून पुढे एक तर ती तशीच रेंगाळते, नाहीतर तिची छपाई थांबते.

तुमच्या हातून निसटली ती बहुधा दुसऱ्या जातीची. क्रायटेरियन, ॲरो यांच्यासारखे प्रकाशक स्टुडिओकडून सिनेमाचे हक्क ठरावीक वर्षांसाठी घेतात आणि मोजक्या प्रती काढतात. हक्क संपले की डिस्क गेली. २०१० साली स्टुडिओकॅनाल या फ्रेंच कंपनीकडचे हक्क संपले, तेव्हा क्रायटेरियनच्या यादीतले बरेच सिनेमे एकदम बाद झाले होते. या डिस्कांची छापील किंमत वर्षानुवर्षं हलत नाही. क्रायटेरियनची ब्लू-रे ३९.९५ डॉलरला येते आणि तिथेच राहते. पण अमेरिकेतल्या बार्न्स अँड नोबल या दुकानात दर जुलै आणि नोव्हेंबरमध्ये ती निम्म्याने मिळते. तेव्हा अशा डिस्कसाठी फक्त पुढच्या सेलपर्यंत थांबा. त्यापुढे थांबण्यात मिळकत नाही, जोखीम मात्र आहे.

ॲरोची पद्धत आणखी वेगळी. आधी जाड पुठ्ठ्याची पेटी, पुस्तिका, पोस्टर असा सगळा थाट असलेली मर्यादित आवृत्ती येते, ती संपल्यावर बऱ्याचदा तीच डिस्क साध्या डबीत कमी किमतीला येते. पुस्तिका वाचणार असाल तर आधी घ्या, नुसता सिनेमा बघायचा असेल तर थांबा. स्टीलबुकचं, म्हणजे पत्र्याच्या सजवलेल्या डबीतल्या आवृत्तीचं, काही सांगता येत नाही. गाजलेल्या सिनेमाची पहिल्या आठवड्यात संपते, पडलेल्या सिनेमाची सहा महिन्यांनी साध्या आवृत्तीपेक्षाही स्वस्तात पडून असते.

आता हातातली डिस्क कुठल्या जातीची ते ओळखायचं कसं? ॲमेझॉनवरच्या वस्तूंचा किमतीचा आलेख कीपा या साइटवर दिसतो, ॲमेझॉन इंडियाचासुद्धा. त्यात खुद्द ॲमेझॉनची किंमत एका रेघेने आणि बाहेरच्या विक्रेत्यांची दुसऱ्या रेघेने दाखवतात. खुद्द ॲमेझॉनची रेघ तुटक तुटक होऊ लागली आणि बाहेरच्यांची वर चढू लागली, तर समजा की माल संपत आला. त्या दिवशी मिळेल त्या भावाला घ्या.

वास्कोहून : भाचा इंग्लंडात स्विंडनला असतो, नाताळला घरी येतो. त्याच्याकडून डिस्का मागवाव्यात, की कुरियरने? आणि त्या आपल्या प्लेअरवर चालतील का?

चालतील की नाही हे आधी बघा, स्वस्ताई नंतर. डिस्क विकण्यासाठी जगाचे भाग पाडलेत, त्यांना रीजन म्हणतात; एका रीजनची कुलूपबंद डिस्क दुसऱ्या रीजनच्या प्लेअरवर चालत नाही. डीव्हीडीसाठी भारत रीजन ५ मध्ये आहे, ब्रिटन २ मध्ये आणि अमेरिका १ मध्ये. ब्लू-रेची वाटणी निराळी : भारत सी, ब्रिटन बी, अमेरिका ए. भारतात विकलेले बरेच डीव्हीडी प्लेअर सगळे रीजन चालवून घेतात, ब्लू-रे प्लेअर मात्र सहसा ऐकत नाही. मोठ्या स्टुडिओंच्या पुष्कळशा ब्लू-रेंना रीजनचं कुलूप नसतं, पण छोट्या प्रकाशकांच्या डिस्कांना बहुधा असतं, कारण त्यांचे हक्कच एका देशापुरते असतात. क्रायटेरियनची अमेरिकी ब्लू-रे रीजन ए ची, ती इथल्या प्लेअरवर उघडणारच नाही.

फोर-के डिस्कांना रीजनची अडचण येत नाही. इथे एक मेख आहे. क्रायटेरियनच्या फोर-के संचात सहसा दोन डिस्का असतात. फोर-के डिस्क इथे चालते, जोडीला दिलेली ब्लू-रे चालत नाही. आणि मुलाखती, माहितीपट वगैरे बहुतेक ऐवज त्या ब्लू-रेवरच असतो. पूर्ण संचाचे पैसे मोजून अर्धाच संच हाती आला, असं व्हायला नको.

कुरियरचं म्हणाल तर एकट्यादुकट्या डिस्कसाठी तो फायद्याचा नाही. सीमाशुल्क नुसत्या डिस्कच्या किमतीवर लागत नाही, वाहतूक आणि विमा धरून येणाऱ्या रकमेवर लागतं. वर कुरियर कंपनीचा हाताळणी खर्च वेगळा. भेट म्हणून पाठवलं तर सुटतं, हा समज आता जुना झाला. ती सवलत डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. पाच-सहा डिस्का एकत्र मागवल्या तरच हिशेब जमतो. तिथला विक्रेता परदेशी पत्त्यावर माल पाठवताना २० टक्के व्हॅट वगळत असेल तर तेही बघा. मात्र ३० पौंडांच्या डिस्कमधून ६ पौंड वजा करायचे नाहीत. ३० मध्ये कर आधीच मिसळलेला आहे, म्हणून १.२ ने भागायचं : २५ पौंड.

भाच्याने दुकानातून घेतल्या तर हा कर त्याला परत मिळणार नाही. प्रवाशांना विमानतळावर व्हॅट परत देण्याची सोय इंग्लंडात २०२१ च्या सुरुवातीला बंद झाली. तरीही नोव्हेंबरच्या सेलमध्ये घेऊन डिसेंबरात सामानातून आणणं, हाच सगळ्यात सोपा मार्ग. डबीसकट दहा डिस्कांचं वजन किलोभर होतं. प्रवाशाला सामानावर मिळणाऱ्या सवलतीत त्या मोजल्या जातील, तेव्हा त्याच सवलतीत आणखी काय काय येतंय ते त्याला विचारून ठेवा. निघण्याआधी प्रत्येक डबी कानाशी धरून हलवून बघायला सांगा. आत खुळखुळ वाजलं तर डबीतल्या, डिस्क पकडून ठेवणाऱ्या चकतीचे दात मोडलेत. ती डिस्क कागदी पाकिटात घालून वेगळी आणायची, नाहीतर दाबोळीला उतरेपर्यंत तिला वलयं पडलेली असतील.

पर्वरीहून : वेगळा प्लेअर न घेता पीएस-५ या गेम खेळायच्या यंत्रावर भागेल का?

डिस्क ड्राइव्ह असलेल्या पीएस-५ वर डीव्हीडी, ब्लू-रे आणि फोर-के तिन्ही चालतात. ऑडिओ सीडी चालत नाही, आणि डिस्कवर डॉल्बी व्हिजन (उजेड-सावली जास्त बारकाईने दाखवणारी पद्धत) असलं तरी चित्र साध्या एचडीआरमध्येच, म्हणजे तिच्याहून खालच्या पद्धतीत, दिसतं. पीएस-४ असेल तर ब्लू-रेपर्यंतच. प्लेअर परदेशातून आणवणार असाल तर मागच्या पट्टीवर १००–२४० व्होल्ट छापलंय का ते पाहा. नुसतं १२० असेल तर आपल्या २३० च्या विजेवर तो जळेल.

डिचोलीहून : एक बंद पडलेली व्हिडिओ लायब्ररी जुन्या डिस्का पन्नास-पन्नास रुपयांना काढते आहे. वापरलेली डिस्क कशी पारखावी?

मोबाइलचा टॉर्च घेऊन जा. डिस्क बोटांनी कडेला धरा, टॉर्च छापील बाजूच्या मागे लावा आणि चकाकत्या बाजूने बघा. सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर आतला ॲल्युमिनियमचा थर गेलाय. एखादा ठिपका निभतो, तारांगण दिसलं तर ठेवून द्या.

मग ओरखडे. मधल्या भोकाकडून कडेकडे जाणारा ओरखडा दिसायला भयंकर, पण तो फारसा त्रास देत नाही. माहिती गोल फिरत लिहिलेली असते, त्यामुळे असा ओरखडा प्रत्येक फेरीत तिला क्षणभरच छेदतो आणि प्लेअर तेवढी तूट भरून काढतो. गोलाईने गेलेला बारीकसा ओरखडा मात्र सलग माहिती खातो, तिथे चित्र गोठतं. मधल्या भोकापासून निघालेली तड असेल तर फुकटही घेऊ नका. वेगात फिरताना ती वाढते आणि डिस्क ड्राइव्हमध्येच फुटू शकते.

डीव्हीडी १.२ मिलिमीटर जाड असते आणि माहिती बरोबर मधोमध, म्हणजे ०.६ मिलिमीटर प्लॅस्टिकच्या आड. त्यामुळे यंत्रावर पॉलिश करून पुष्कळ डीव्हीडी वाचतात. ब्लू-रेची माहिती पृष्ठभागाखाली फक्त ०.१ मिलिमीटरवर असते. तिच्यावर कठीण लेप असतो म्हणून ती सहसा खरवडत नाही, पण एकदा खोल खरवडली की पॉलिशला वावच उरत नाही. टूथपेस्टचा प्रयोग तर तिच्यावर करूच नका.

दुकानात चालवून बघायची सोय असेल तर पहिली पाच मिनिटं बघून समाधान मानू नका. डिस्क आतून बाहेर वाचली जाते आणि खराबी बहुधा कडेपासून सुरू होते. एका थराच्या डिस्कवर बाहेरची कड म्हणजे सिनेमाचा शेवट. दोन थरांच्या डिस्कवर प्लेअर पहिला थर आतून बाहेर वाचतो आणि दुसरा बहुधा बाहेरून आत, म्हणजे कडेला येतो तो सिनेमाचा मध्य. म्हणून मध्यंतराच्या आसपासची दहा मिनिटं आणि शेवटची दहा मिनिटं, दोन्ही बघा. डीव्हीडीचे थर किती ते कॉम्प्युटरवर कळतं : आकार ४.३७ जीबीच्या वर दिसला तर दोन. (एका थराची डिस्क ४.७ जीबीची म्हणतात, तेच कॉम्प्युटरच्या मोजणीत ४.३७ होतात.)

लायब्ररीच्या मालात वॉर्नर ब्रदर्सच्या २००६ ते २००८ या काळातल्या डीव्हीडी असतील तर जरा जपून. त्या वर्षांतल्या काही डिस्का आतून खराब होत असल्याचं कंपनीने २०२५ मध्ये स्वतःच मान्य केलं. वरून एकही ओरखडा नसतो आणि मध्यावर सिनेमा अडकतो.

मडगावहून : स्वस्तात घेतलेली ब्लू-रे वीस मिनिटं नीट चालते, मग आवाज बंद होतो आणि पडद्यावर काहीतरी सूचना येते. प्लेअर बिघडला का?

प्लेअर ठणठणीत आहे, डिस्क चोरून केलेली नक्कल आहे. सूचनेत ‘मेसेज कोड ३’ असं असेल तर ती सिनाव्हिया या नक्कल रोखणाऱ्या तंत्राची करामत. मूळ डिस्कच्या आवाजातच कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते. नक्कल केली तरी ती सोबत येते आणि प्लेअर ती ओळखून आवाज तोडतो. २०१२ पासूनच्या ब्लू-रे प्लेअरमध्ये हे सक्तीचं आहे, सेटिंगमधून जात नाही.

पुढच्या वेळी डिस्क उलटी करून बघा. कारखान्यात छापलेली खालून चंदेरी असते, घरी भरलेली डीव्हीडी जांभळट. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२-अ प्रमाणे आवरणावर सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत आणि निर्मात्याचं व हक्कदाराचं नाव-पत्ता छापावा लागतो. पत्त्याऐवजी नुसती ‘मुंबई’ असेल तर काय ते समजा.

फोंड्याहून : जुने मराठी सिनेमे जमवतो. ‘तीन सिनेमे एका डिस्कवर’ घ्यावी की सुट्या? आणि मराठी डिस्का आणखी स्वस्त होतील का?

नाही होणार. आपल्याकडे भाव कोसळायचा तो २००७ मध्येच कोसळला, जेव्हा मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली. ती कंपनीही २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. आज दुकानात दिसतो तो बहुतेक उरलेला माल, आणि उरलेल्या मालाला सेल नसतो. तो असतो किंवा नसतो. मराठी सिनेमाची चांगली डीव्हीडी दिसली की छापील किमतीला घेऊन टाका. सीलबंद डिस्कवर एमआरपीपेक्षा जास्त मागण्याचा हक्क दुकानदाराला नाही, ‘दुर्मिळ आहे’ म्हटलं तरी.

तीनच्या डिस्कचा हिशेब करून पाहा. अडीच तासांचा एक सिनेमा दोन थरांच्या, ८.५ जीबीच्या डिस्कवर एकटा असेल तर सेकंदाला सुमारे ७.५ मेगाबिट माहिती वाट्याला येते. तसेच तीन कोंबले की २.५. आणि डिस्क एका थराची, ४.७ जीबीची असेल तर जेमतेम १.४. मग तमाशाच्या फडातला नाच सुरू झाला की नऊवारीची काठं चौकोनांत विरघळतात आणि मागच्या गर्दीचे चेहरे मेणाचे दिसतात. सुटी डीव्हीडी मिळत असेल तर दुप्पट पैसे द्या. मिळतच नसेल तर तीनवाली घ्या, कारण तिच्यानंतर उरते ती व्हीसीडी : ३५२ बाय २८८ ठिपक्यांची, आणि सिनेमाच्या ऐन रंगात उठून दुसरी डिस्क घालायची.

वाळपईहून : सत्तरीतला पाऊस तुम्हाला माहीत आहेच. चवथीला कपाट उघडलं तर डिस्कांवर पांढरी बुरशी!

बुरशीला खाऊ घालतो तो आतला कागद आणि बोटांचा तेलकटपणा. आवरणाचे आणि पुस्तिकेचे कागद काढून वेगळे ठेवा. डिस्क साध्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून धुवा आणि मऊ सुती फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. कारण वर ओरखड्यांपाशी सांगितलंच आहे. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल यांनी प्लॅस्टिक पांढरं पडतं.

डिस्कांना २० ते ५० टक्के आर्द्रता मानवते. जुलैत आपल्याकडची हवा ऐंशीच्या वरच असते, म्हणून उघडं लाकडी कपाट बाद. रबरी कड असलेला वीस लिटरचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात शंभर-दीडशे ग्रॅम सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) कापडी पुरचुंडीत ठेवा आणि डबा फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसांत भरून बंद करा. पावसाळ्यात भरला तर ओल आतच कोंडते. दाण्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोनेक तास तापवले की पुन्हा कामाला येतात. डांबराच्या गोळ्या मात्र नकोत, त्यांची वाफ प्लॅस्टिक खराब करते. सीलबंद डिस्क सुरक्षित, असंही समजू नका. त्या पातळ वेष्टनाला बारीक छिद्रं असतात.

पणजीहून : इफ्फीत, म्हणजे इथल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, पाहिलेला सिनेमा डिस्कवर कधी येतो?

महोत्सवात आलेला सिनेमा आधी आपल्या देशात आणि मग इतर देशांत प्रदर्शित होतो, त्यामुळे डिस्कला वर्ष सहज लागतं. सगळ्यात आधी येते ती बहुधा त्या त्या देशातली आवृत्ती, आणि तिथेच फसगत होते. फ्रेंच किंवा जपानी डिस्कवर इंग्रजी सबटायटल असतातच असं नाही. फ्रान्सची ब्लू-रे रीजन बी ची, जपानची ए ची, आणि जपानी डिस्का महागही असतात. सिनेमाचं मूळ नाव आणि दिग्दर्शकाचं नाव कॅटलॉगमधून टिपून ठेवा. इंग्रजी नाव देशागणिक बदलतं, मूळ नावाने शोधलं की ब्रिटिश किंवा अमेरिकी आवृत्ती सापडते. ती निघाली की पहिल्याच सेलमध्ये घ्या. अशा सिनेमाची दुसरी छपाई क्वचितच होते.